गिधाडे गेली, मागे काय उरले?

आमच्या गावाच्या वेशीबाहेर, खाडीच्या वाटेवर एक मोकळा माळ आहे. गावात कुणाचा बैल मेला, म्हैस मेली की चार माणसे ती ओढत नेऊन त्या माळावर टाकत. आम्हा पोरांना तिकडे फिरकायची बंदी होती. तरीही आम्ही आंब्याच्या झाडावर चढून लांबून बघायचो. आधी आभाळात एक ठिपका दिसायचा. मग चार, मग वीस. बघता बघता पन्नास-साठ गिधाडे उतरायची. भांडणे, फडफड, चोचींचा मारा. संध्याकाळपर्यंत माळावर नुसता हाडांचा सापळा उरायचा. दादी ओरडायची, "उतरा रे खाली! मेल्या जनावराकडं काय बघता?" आणि मग स्वतःच म्हणायची, "ती आहेत म्हणून गावात नाकाला पदर लावावा लागत नाही."

गेल्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन गावी गेले होते. त्याच माळावर एक मेलेली गाय पडली होती, तिसरा दिवस असावा. वास थेट मोहल्ल्यापर्यंत येत होता. भोवती पंधरा-वीस कुत्री होती आणि आम्ही जवळून जाताना दोन-तीन गुरगुरत पुढे आली. मुलगा माझा हात घट्ट धरून म्हणाला, "अम्मी, तू सांगतेस ती गिधाडं कुठं गेली?"

त्याला वाटेत धड उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर वाचत गेले, लोकांना विचारत गेले, आणि लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत येते. लेख त्यासाठीच.

कोट्यवधींचा पक्षी

1980 च्या दशकात भारतात गिधाड हा कावळ्या-घारीइतकाच नेहमीचा पक्षी होता. काही अंदाजांनुसार त्यांची संख्या चार कोटींच्या घरात होती. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती दिसत: उंच झाडांवर घरटी करणारे पांढऱ्या पाठीचे गिधाड, आणि डोंगरकड्यांच्या कपारीत राहणारे लांब चोचीचे गिधाड. तिसरी, बारीक चोचीची जात उत्तर भारतात आणि आसामकडे असते.

भारतात गुरे किती आहेत याचा विचार केला म्हणजे गिधाडांचे काम कळते. 2019 च्या पशुगणनेनुसार गाय-बैल आणि म्हशी-रेडे मिळून 30 कोटींहून जास्त जनावरे आपल्या देशात आहेत. त्यातली कितीतरी दरवर्षी म्हातारपणाने, आजाराने मरतात. ही मढी उचलायला कोणत्याही नगरपालिकेची गाडी खेड्यात जात नव्हती. चामडे सोलणारे आपले काम करून जात, मग गिधाडे उतरत, आणि शेवटी स्वच्छ हाडे गोळा करून विकणारे येत. पक्षी आणि माणसे मिळून एक पूर्ण साखळी चालवत होती, तीही बिनपगारी.

गिधाड शिकार करत नाही. मेलेले मांस हेच त्याचे अन्न. त्यासाठी त्याचे शरीर घडलेले आहे. डोके आणि मान जवळजवळ बिनपिसांची, म्हणजे रक्तामांसात घातली तरी घाण अडकून राहत नाही. पोटातले आम्ल इतके जहाल की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. रोग गिधाडाच्या पोटात शिरतो आणि पुढे जात नाही. कुत्रा, उंदीर, कावळा हेही मढ्यावर तुटून पडतात, पण त्यांच्या पोटात ही ताकद नाही. ते थोडे खातात, बाकीचे सडत सोडतात, आणि जंतू तोंडाला-पायाला लावून वस्तीत परत येतात.

अचानक ओस पडलेली झाडे

1990 च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे संशोधक डॉ. विभू प्रकाश यांना काहीतरी बिनसल्याचे दिसले. जिथे पूर्वी घरट्यांची गर्दी असे ती झाडे रिकामी होत होती. काही गिधाडे मान खाली टाकून तासन् तास बसून राहत आणि मग फांदीवरून खाली पडत. देशभरच्या पाहण्या झाल्या तेव्हा चित्र आणखी भयंकर निघाले. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्के घटली. म्हणजे हजारातले एक उरले. बाकीच्या दोन जाती मिळून सुमारे 97 टक्के घटल्या. इतक्या वेगाने इतका मोठा पक्षी कमी झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

आधी वाटले, एखादा संसर्ग असेल. कुणी कीटकनाशकांकडे बोट दाखवले. उत्तर सापडले पाकिस्तानात. तिथे मेलेल्या गिधाडांची चिरफाड करताना संशोधकांना बहुतेकांच्या आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसला. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे यूरिक आम्लाचे स्फटिक काळजावर, यकृतावर साचले होते. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कारण जाहीर केले: डायक्लोफेनॅक.

हे नाव आपल्याला परके नाही. गुडघे दुखले, कंबर धरली की आपण घेतो तेच हे वेदनाशामक. 1990 च्या दशकात त्याची स्वस्त औषधे जनावरांसाठीही बाजारात आली. गाईला ताप, बैलाचा पाय सुजला, कासेला सूज आली, की सुई टोचायची. जनावराला आराम पडे आणि शेतकऱ्याला परवडे. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते जनावर मेले, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असे, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाला अगदी थोडी मात्राही विषासारखी होती.

मग प्रश्न पडतो, सगळ्याच मेलेल्या गुरांत काही हे औषध नसणार. तरी सगळी गिधाडे कशी मेली? याचे उत्तर त्यांच्या जगण्याच्या रीतीत आहे. गिधाडे एकत्र जेवतात. एका मढ्यावर पन्नास-साठ पक्षी बसतात, म्हणजे एक विषारी मढे पन्नास जीव घेऊ शकते. शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा दिसले की शंभरातले एक मढेदेखील विषारी असायची गरज नाही, त्याहून कमी प्रमाणातही संपूर्ण जात संपू शकते. त्यात गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते आणि पिल्लू मोठे होऊन स्वतः घरटे करायला चार-पाच वर्षे जातात. मरण झपाट्याने आणि जन्म सावकाश, मग तूट भरून निघणार कशी?

जेवण तेच, जेवणारे बदलले

निसर्गात ताट रिकामे राहत नाही. गिधाडे गेली तरी मढी पडतच होती. ते अन्न कुत्र्यांना मिळाले. भरपूर खायला मिळाले की कुत्रीला जास्त पिल्ले होतात आणि जास्त जगतातही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला गेला की गिधाडे घटल्याच्या काळात देशात भटकी कुत्री किमान 55 लाखांनी वाढली, आणि 1992 ते 2006 या काळात त्यामुळे रेबीजने सुमारे 48 हजार जास्तीचे मृत्यू झाले.

त्याहून धक्कादायक आकडा 2024 मध्ये आला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी देशातले जिल्हे दोन गटांत पाहिले. एका गटात पूर्वी गिधाडे भरपूर होती, दुसऱ्यात मुळातच कमी. औषध स्वस्त होऊन पसरण्याआधी दोन्हीकडचे मृत्युदर सारख्याच चालीने जात होते. औषध आल्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख माणसे यामुळे जास्तीची दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. यात फक्त रेबीज नाही. उघड्यावर सडणारी मढी, ओढ्या-नाल्यांत टाकलेली जनावरे, त्यातून दूषित झालेले पाणी, हे सगळे त्यात आले.

एका दुखऱ्या बैलाची सुई आणि पाच लाख माणसे. मधले दुवे कुणाला दिसत नव्हते म्हणून हे घडत राहिले.

दुवे इथेही संपत नाहीत. कुत्री वाढली की बिबट्याला शिकार मिळते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यातला सर्वात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. उसाच्या फडात, वस्तीच्या कडेला बिबट्या का टिकून राहतो, याचे एक उत्तर तिथे आहे.

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी बांधवांच्या अंत्यविधीतही गिधाडांचे स्थान शतकानुशतके होते. गिधाडे संपल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. एक पक्षी गेला आणि एका समाजाला आपल्या मयताची रीत बदलावी लागली. आपल्या घरातल्या मयतीच्या वेळी असे काही ओढवले तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार करून पाहा.

कमानीतला दगड

निसर्गात काही जीव संख्येने थोडे असूनही सगळा डोलारा सांभाळतात, हे रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले. 1963 पासून तो वॉशिंग्टन राज्यातल्या खडकाळ किनाऱ्याच्या एका पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात दूर फेकत राहिला. तारामासा तिथल्या काळ्या शिंपल्या खातो. तो हटल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि बाकीच्यांना जागाच उरली नाही. त्या पट्ट्यात आधी 15 जातींचे जीव होते, ते 8 वर आले. खाणारा गेला म्हणून सगळ्यांची भरभराट व्हायला हवी होती, झाले उलटेच. अशा जीवाला पेनने कमानीच्या माथ्यावरच्या दगडाचे नाव दिले. आपल्या जुन्या मशिदींच्या, किल्ल्यांच्या दगडी कमानी आठवा. सगळ्यात वरचा मधला दगड काही सर्वात मोठा नसतो, पण तो निखळला तर दोन्ही बाजूंचे दगड खाली येतात.

गिधाड हा आपल्या गावगाड्याच्या कमानीतला असाच दगड होता. तो दिसायला कुरूप, खाणे ओंगळ, नाव शिवीसारखे वापरले जाणारे. म्हणून त्याची किंमत कुणी केली नाही.

परतीची वाट

भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणे चालूच राहिले. म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरपुरतीच ठेवण्यात आली, कारण गाईला तेवढ्यात भागत नाही. त्यानंतर लक्षात आले की किटोप्रोफेनही गिधाडांना मारते आणि ॲसिक्लोफेनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. 2023 मध्ये त्या दोन्हींवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध मात्र गिधाडांना सुरक्षित असल्याचे तपासून सिद्ध झाले आहे आणि जनावरांना त्याचा गुणही येतो.

हरियाणातल्या पिंजोर इथे गिधाडांची पैदास करणारे केंद्र आहे. तिथली काही गिधाडे 2024 मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंच व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली. गडचिरोलीत वनविभागाने गावकऱ्यांच्या मदतीने 'गिधाड उपाहारगृहे' सुरू केली. नाव गमतीचे आहे, काम साधे आहे: औषध न दिलेले मेलेले जनावर ठरलेल्या जागी आणून टाकायचे, म्हणजे गिधाडांना बिनविषारी जेवण मिळते.

आपल्या रायगड जिल्ह्यात महाडच्या 'सिस्केप' संस्थेने म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव परिसरात गावकऱ्यांना बरोबर घेऊन असेच काम केले आणि तिथली पांढऱ्या पाठीची गिधाडे टिकवली. कोकणात तर प्रश्न विषाएवढाच भुकेचाही आहे. शेती कमी झाली, नांगराच्या जागी यंत्र आले, घरोघरी गोठे रिकामे झाले. गुरेच नाहीत तर गिधाड खाणार काय? त्यात 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले आणि माड, आंबे, जुनी उंच झाडे हजारोंनी कोसळली. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या आपल्या लोकांना तो दिवस सांगायला नको. घरांचे पत्रे पुन्हा बसले, पण घरट्याजोगे झाड उभे राहायला एक पिढी जाते.

आपल्या घरापासून

हे वाचून कुणी म्हणेल, आम्ही शहरात राहतो, आमचा गिधाडांशी काय संबंध? संबंध कुत्र्यांपाशी येतो, आणि दवाखान्यापाशी येतो. म्हणून काही गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट, कुत्रा चावला तर. जगात रेबीजने दरवर्षी सुमारे 59 हजार माणसे मरतात आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त आपल्या देशात. चावले जाणाऱ्यांत दहातली चार पंधरा वर्षांखालची मुले असतात, आणि मुले पुष्कळदा मार बसेल म्हणून घरी सांगतही नाहीत. तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा, कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला तरी लगेच सांगायचे, कुणी रागावणार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. हळद, तिखट, चुना, तेल काही लावायचे नाही. मग थेट दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस मिळते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचे वेगळे इंजेक्शनही लागते, ते डॉक्टरांना विचारून घ्या. दोन सुया घेऊन बरे वाटले म्हणून पुढच्या चुकवू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की इलाज जवळजवळ नसतो, पण वेळेत पूर्ण लस घेतली तर माणूस वाचतो.

दुसरी गोष्ट, बकरी ईद. कुर्बानीनंतर आतडी, रक्त, शेण, खराब झालेली कातडी उघड्यावर किंवा नाल्यात टाकली की त्या रात्री मोहल्ल्यात कुत्र्यांच्या झुंडी जमतात, आणि अशी जागा एकदा कळली की ती हटत नाहीत. नगरपालिकेची गाडी येत असेल तर पिशव्या बांधून तिच्यातच द्या. गावात तीन-चार फूट खड्डा खणून पुरा आणि वर चुना टाका. मोहल्ल्यातल्या चार तरुणांनी ईदच्या आदल्या दिवशी खड्डे खणून ठेवले तर सगळ्यांचे काम सोपे होते. आपल्या ईदचा त्रास ना शेजाऱ्याला व्हावा, ना आपल्या मुलांना.

तिसरी गोष्ट, जनावरे पाळणाऱ्यांसाठी. गाय, म्हैस किंवा शेळीला दुखण्यावर सुई देताना औषधाचे नाव विचारा आणि मेलॉक्सिकॅम मागा. उपचार चालू असताना जनावर मेले तर ते उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. आणि जिथे अजून गिधाडे आहेत, म्हसळा-महाडकडे किंवा गडचिरोलीकडे, तिथे औषध न दिलेले जनावर मेले तर पुरण्याआधी वनविभागाला कळवा. एकासाठी जे विष आहे ते पुरायचे, आणि जे अन्न आहे ते पोचवायचे, एवढाच फरक लक्षात ठेवायचा.

गावाहून परत येताना बस म्हसळ्याजवळ थांबली होती. मुलगा खिडकीतून वर बघत होता. आभाळात खूप उंचावर काहीतरी गोल फिरत होते, घार होती की आणखी कुणी, ते माझ्या डोळ्यांना कळले नाही. तो म्हणाला, "अम्मी, पंख बघ किती मोठे आहेत!" बस सुटेपर्यंत तो बोटाने मोजत होता. एक... आणि बराच वेळ एकच.

दादी असती तर तिला विचारले असते. तिला लांबूनही ओळखता यायचे.